साक्षीदारासमोरचा दिवा

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक या लहानशा गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेल्या विनोबांना गणिताची मोठी गोडी होती, आणि येणारा काळ राजकारणाचा व पंथांचा नसून विज्ञानाचा व अध्यात्माचा आहे, असे ते पुनःपुन्हा सांगत. परंतु जयंतीच्या दिवशी हार घालताना त्या सिद्धांतातील विज्ञानाचा अर्धा हिस्सा आपण सोयीस्करपणे दप्तरी दाखल करून टाकतो.

हे आठवण्याचे निमित्त निराळे आहे. केंद्र सरकारने 19 एप्रिल 2023 रोजी 6003.65 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली आणि पुढे त्यातील चार केंद्रांपैकी संवेदन व मापन यांचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे सोपवले. संगणक दुसऱ्यांकडे आणि आपल्या वाट्याला नुसती मोजदाद, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनची जबानी कशी घेतात, एवढे तरी पाहावे.

सिलिकॉनच्या स्फटिकात फॉस्फरसचा अणू बसवला, की त्याच्या पाच बाह्य इलेक्ट्रॉनांपैकी चार बंधांत गुंततात आणि पाचवा, अतिशीत अवस्थेत, अणूपाशीच सैलपणे राहतो. त्याच्या फिरकीची दिशा हीच त्याची साक्ष. पण ती इतकी क्षीण, की ती विजेच्या भाषेत उतरवावी लागते. त्या गोठलेल्या अंधारात वीज वाहत नाही, म्हणून स्फटिकावर प्रकाश टाकतात. त्याने मोकळे इलेक्ट्रॉन व रिकाम्या जागा निर्माण होऊन प्रवाह सुरू होतो. सिलिकॉन आणि त्याचे ऑक्साइड जेथे भेटतात तेथे काही बंध तुटके असतात. फॉस्फरसच्या इलेक्ट्रॉनची फिरकी तेथील एकाकी इलेक्ट्रॉनच्या उलट असेल, तर पाउलीच्या नियमाप्रमाणे त्याला तेथे प्रवेश मिळतो. समांतर असेल, तर मज्जाव होतो. सूक्ष्मलहरींनी फिरकी उलटवताच या येण्याजाण्याचा हिशेब बदलतो आणि प्रवाहात अत्यल्प फरक पडतो. म्युनिकच्या संशोधकांनी 2006 मध्ये याच मार्गाने फॉस्फरसच्या फिरकीचे सुसंगत स्पंदन विजेने टिपून दाखवले.

खरी मेख पुढेच आहे. ज्या प्रकाशावाचून जबानी मिळत नाही, त्यानेच निर्माण झालेले मोकळे कण साक्षीदाराची स्मृतीही पुसू लागतात. दिवा मालवला तर साक्ष नाही, आणि भडकवला तर साक्षीदारच भांबावतो. तेव्हा दिव्याची मात्रा ठरवणे, तो केव्हा लावावा व केव्हा मालवावा याची तजवीज करणे, हे कारकुनी काम नसून प्रयोगाचा गाभाच होय. द्रष्ट्याने दृश्याबरोबर स्वतःचीही झडती घ्यावी, हा अध्यात्मातील जुना आग्रह येथे प्रयोगशाळेचा रोजचा शिरस्ता होऊन बसतो.

मुंबईच्या वाट्याला आलेले मापन म्हणूनच दुय्यम नव्हे. त्याला शाबासकीपेक्षा अवधी द्यावा, आणि वार्षिक ताळेबंदाच्या घाईत त्याचा जीव घेऊ नये. उद्या कोणी इतके क्यूबिट, म्हणजे अशा फिरकीसारखे क्वांटम संगणकाचे माहितीचे एकक, तयार झाल्याची दवंडी पिटली, तर वाचकहो, संख्येने दिपून न जाता एवढेच विचारा : ते वाचले कसे, आणि वाचताना पुसले किती?