ताप गेला, खोकला राहिला. आता किती दिवस जपायचं?

परवा दुपारी शेजारच्या वहिनी आल्या, पण दाराशीच थबकल्या. त्यांच्या यजमानांना कोरोना झालेला. त्या दिवशी बारावा दिवस होता. ताप केव्हाच गेला, जेवणही नीट जातं, पण खोकल्याची ढास काही थांबत नाही. इकडे लेक सहा महिन्यांचं बाळ घेऊन माहेरपणाला यायची. "तिला येऊ नको म्हणून कळवू का हो?" विचारताना त्यांचा गळा दाटून आला.

मला एकदम २०२१ चा एप्रिल आठवला. पाडव्याला सासूबाई नि मी स्वयंपाकघरात होतो. मी पुऱ्या लाटत होते, त्या तळत होत्या. मला काहीसुद्धा होत नव्हतं. दोन दिवसांनी मला ताप भरला आणि त्यानंतर तीन दिवसांनी त्यांनाही. त्यांचा आजार सौम्यच होता, आठवड्यात उठून बसल्या. पण चौदाव्या दिवशी पुन्हा तपासणी केली, ती 'पॉझिटिव्ह' आली. आम्ही घाबरलो नि त्यांना आणखी दोन आठवडे मागच्या खोलीत ठेवलं. ताट उंबऱ्याशी सरकवायचं नि मागे फिरायचं. एकदा त्या आतून म्हणाल्या, "मी बरी झाले ग, तुम्हाला कधी वाटणार?"

खरं पाहता धोका होता तो पाडव्याच्या दिवशी. हा आजार लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागू शकतो आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त पसरतो. पाच दिवसांनंतर जोर ओसरतो. साध्या आजारात दहा दिवसांनंतर तो बहुधा दुसऱ्याला लागत नाही.

मग तपासणीत का येतो? आरटीपीसीआर तपासणी विषाणूच्या निर्जीव अवशेषांनाही पकडते आणि ते काही आठवडे शरीरात राहू शकतात. मासे तळून झाले, कढई घासून पालथी घातली, तरी घरात वास राहतोच की! खोकल्याचंही तसंच. विषाणू गेला तरी आतली सूज ओसरायला कधी कधी कित्येक आठवडे लागतात. म्हणूनच घरी बरे झालेल्यांना पुन्हा तपासणीची गरज नाही, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने तेव्हाही सांगितलं होतं. आमच्या ते गावीही नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात कुणी आजारी पडलं तर एवढं करा. लक्षणं सुरू झाली तो दिवस शून्य धरून कॅलेंडरवर खूण करा. लक्षणंच नसतील तर तपासणीच्या दिवसापासून मोजा. पहिले पाच दिवस वेगळी खोली, खिडक्या उघड्या, आणि खोलीत जाताना दोघांच्याही तोंडावर मास्क. ताप औषधाशिवाय पूर्ण एक दिवस उतरलेला हवा. गोळी घेऊन उतरलेला ताप हिशेबात धरू नका. पुढे दहाव्या दिवसापर्यंत माणसांत वावरताना मास्क असू द्या. भांडी नेहमीच्या साबणाने घासली की पुरे, ती निराळी ठेवायचं कारण नाही.

एक मात्र विसरू नका. आजार फार जोराचा झाला असेल, किंवा कॅन्सरचे उपचार, अवयवरोपण यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, तर संसर्ग दहा दिवसांहून जास्त काळ राहू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

वहिनींना मी हेच सांगितलं. त्यांच्या यजमानांना दुसरा मोठा आजार नाही, घरीच बरे झालेले. "लेकीला खुशाल येऊ दे," म्हटलं. "खोकताना तोंडावर रुमाल धरा म्हणावं, झालं." वहिनींचा चेहरा उजळला.

त्या निघाल्या, तोच आतून सासूबाईंचा आवाज आला, "आणि हो, आज त्यांना खोलीत ताट देऊ नका. सगळ्यांबरोबर पाटावर बसवा."