गोमुखाची वाट

आमच्या देवघरांतील गंगेचा गडू आजेसासऱ्यांनीं १९३८ सालीं गोमुखाहून आणलेला. यंदां गंगोत्रीहून सुमारें १८ किलोमीटर पायीं चालून आम्हीही तेथें गेलों. दिवसाला १५० यात्रेकरूंनाच परवाना मिळतो, म्हणून आरंभीं आम्ही कुरकुरलों. पण गोमुख जवळ येतांच वाटाड्यानें उघडे पडलेले धोंडे दाखविले. आजेसासऱ्यांच्या वेळीं तेथें हिमनदी होती! १९३५ सालीं भूशास्त्रज्ञ ऑडेन यांनीं तिच्या मुखाची मोजणी केली. तेव्हांपासून तें किलोमीटरहून अधिक मागें सरलें आहे. उष्मा वाढला, वितळतो तितका बर्फ पुन्हां सांचत नाहीं. परवान्याच्या नियमानें हें थांबणार नाहीं, हें खरें. परंतु वाचकहो, आजारी माणसाच्या खोलींत आपण गर्दी करतों काय? आमची कुरकूर आम्ही तेथेंच सोडून आलों.