तांबडी काच

जुना ग्रंथ विकत घेतांना सुज्ञ गृहस्थ प्रथम त्याची आवृत्ति पाहतो. संपादक कोण, पाठ कोणत्या हस्तलिखितांवरून घेतला, मुद्रण शुद्ध आहे कीं नाहीं, याची चौकशी करतो आणि मगच पैसे मोजतो. तोच गृहस्थ जुना चित्रपट घरीं आणूं लागला म्हणजे वेष्टनावरील चित्र व किंमत यांखेरीज कांहीं पाहत नाहीं. हा भेद आम्हांस फार दिवस खटकत आला आहे, व आज त्याविषयींच वाचकांशीं चार शब्द बोलावे असें मनांत आहे.

उदाहरणासाठीं बहुतेक घरीं मुलाबाळांनीं पाहिलेला चित्रपट घेऊं. शेखर कपूर यांनीं दिग्दर्शित केलेला 'मिस्टर इंडिया' १९८७ सालीं प्रदर्शित झाला. छायालेखन बाबा आझमी यांचें, व ट्रिकच्या दृश्यांची करामत पीटर परेरा यांची. अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या एका गरीब तरुणास आपल्या शास्त्रज्ञ पित्यानें शोधून काढलेलें यंत्र मिळतें. तें मनगटावर बांधून तो अदृश्य होऊं शकतो. कल्पना नवी नव्हे. एच. जी. वेल्स यांची या विषयावरील कादंबरी १८९७ ची आहे. आपल्याकडे १९५७ च्या 'मिस्टर एक्स'मध्यें अशोककुमार अदृश्य झाले होते, आणि तीस वर्षांनीं 'मिस्टर इंडिया'मध्यें यंत्राची माहिती देणारे वृद्ध प्राध्यापकही तेच. परंतु या कथेंत एक युक्ति मोठी नामी आहे: अदृश्य झालेला हा मनुष्य तांबड्या प्रकाशांत किंवा तांबड्या काचेंतून दिसतो. शास्त्राच्या कसोटीस हें उतरो वा न उतरो, कथेची कळ त्या एका रंगांत आहे.

आतां घरगुती प्रतींची तऱ्हा पहा. ज्या रंगावर कथा उभी, नेमके त्याच रंगाचे या प्रतींत सर्वांत अधिक हाल होतात! व्हिडिओ कॅसेटींत उजेड-अंधाराचा तपशील बऱ्यापैकीं उतरे, पण रंगाच्या वाट्यास जागा फार थोडी येई. त्यामुळें भडक तांबडा रंग ओल्या कुंकवासारखा आपली कड ओलांडून शेजारीं पसरे. पुढें व्हीसीडी आली. तिच्या चित्रांत आडवे ३५२ व उभे २८८, म्हणजे गुणाकारानें लाखभर ठिपके. आणि रंगाची नोंद दर चार ठिपक्यांस एक, म्हणजे अवघ्या पंचवीस हजार ठिकाणीं. डीव्हीडींत ठिपके चार लाखांवर, ब्लू-रेंत वीस लाखांवर. रंगाचें प्रमाण तेथेंही चारास एक हेंच. पण मूळ भांडवलच मोठें असल्यामुळें कसर डोळ्यांस फारशी जाणवत नाहीं.

दुसरें संकट मूळ फिल्मचें. रंगीत फिल्मवर पिवळा, किरमिजी व निळसर-हिरवा असे तीन रंगांचे थर असतात. जुन्या प्रतींत बहुधा निळसर-हिरवा थर आधीं फिका पडतो आणि सारें चित्र तांबूस होत जातें. अशा उतरलेल्या प्रतीवरून तबकडी काढली तर पडद्यावर सगळेंच तांबडें. मग तांबड्या काचेचें विशेष तें काय राहिलें?

आमच्या येथें एकदां अशीच तीन तबकड्यांची व्हीसीडी आली होती. एका तबकडींत सुमारें ७४ मिनिटें मावतात व हा चित्रपट जवळजवळ तीन तासांचा, म्हणून तीन. नातवंडें मोठ्या उत्साहानें बसलीं. तांबड्या उजेडाचा प्रसंग आला तेव्हां पडद्यावर तांबडा चिखल तेवढा दिसला. त्यांत मनुष्य आहे हें आम्हांस बोट ठेवून दाखवावें लागलें. धाकटी नात म्हणाली, "आजोबा, तेव्हांच्या लोकांना नीट करतां येत नव्हतें का हो?" आम्हांस वाईट वाटलें तें पैशांचें नव्हे. संगणक हाताशीं नसतां ज्या कारागिरांनीं एकेका दृश्यासाठीं जिवाचें रान केलें, त्यांना त्या पोरीनें नापास करून टाकलें, आणि तेंही दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेवरून! लेखनिकानें भ्रष्ट उतरलेली पोथी वाचून कालिदासास व्याकरण येत नव्हतें असें म्हणावें, तशांतला हा प्रकार.

याच्या उलट दोष अतिशहाणपणाचा. कित्येक नव्या प्रतींत चित्र इतकें घांसूनपुसून काढतात कीं फिल्मचा नैसर्गिक कण जाऊन माणसांचे चेहरे मेणाचे दिसूं लागतात. अमेरिकेंत तर जॉर्ज लुकास यांनीं आपल्या १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्यें १९९७ सालीं नवीं दृश्यें घातलीं. पुढें २००६ सालीं मूळ पाठ डीव्हीडीवर दिला तो पुरवणी म्हणून, आणि जुन्या लेझर-डिस्कसाठीं केलेल्या हलक्या प्रतीवरून. कर्त्यानेंच आपल्या ग्रंथांत प्रक्षिप्त घालावें आणि मूळ परिशिष्टांत ढकलावें, असें हें झालें.

योग्य मार्ग जर्मनांनीं दाखविला. फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' १९२७ सालीं बर्लिनमध्यें प्रथम दाखविल्यानंतर कापला गेला. २००८ सालीं अर्जेंटिनांतील ब्वेनोस आइरेस येथें त्याची सोळा मिलिमीटरची एक ओरखडलेली प्रत सांपडली, व तिच्यामुळें सुमारें पंचवीस मिनिटांचा लुप्त भाग हातीं आला. २०१० च्या आवृत्तींत तो भाग जोडतांना जे ओरखडे निघाले नाहींत ते तसेच ठेविले आहेत. कोणता भाग कोठून आला हें पाहणाऱ्यास उघड कळतें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढतांना बाराशेंहून अधिक हस्तलिखितें तपासलीं, तीं व्यासांस सुधारण्यासाठीं नव्हेत. जुना पाठ शोधावा, पाठभेद तळटीपेंत द्यावे, पदरचें कांहीं घालूं नये, हाच तेथील दंडक. चित्रपटालाही तोच लावला पाहिजे.

येथें एक निष्कारण शंका दूर करून ठेवूं. चित्रपट सेकंदास चोवीस चित्रांच्या गतीनें घेतलेला असतो. आपल्याकडील पॅल पद्धतीच्या प्रतींत तो पुष्कळदां पंचवीसच्या गतीनें पळतो. त्यामुळें १७९ मिनिटांचा चित्रपट १७२ मिनिटांत संपतो व गाणें जवळजवळ पाऊण पट्टी चढें लागतें. तेव्हां वेष्टनावरील मिनिटें कमी दिसलीं कीं कात्री लागली असें लगेच समजूं नये. आधीं त्रैराशिक मांडावें.

१९३१ चा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट; त्याची आज एकही प्रत उपलब्ध नाहीं. आमच्या राळेगणसिद्धीनें १९७५ नंतर बांध घालून व पाझर तलाव दुरुस्त करून पावसाचें पाणी शिवारांत थोपविलें, तेव्हां कोठें विहिरींना पाणी आलें. जें आधीं वाहून गेलें तें कांहीं परत आलें नाहीं. चित्रपटांचेंही तसेंच. जें हातीं आहे त्याची शुद्ध प्रत वेळेवर निघाली पाहिजे, आणि ती निघेल ग्राहक मागेल तेव्हांच. यास्तव पैसे देण्यापूर्वीं तीन प्रश्न अवश्य विचारावे: ही प्रत मूळ निगेटिव्हवरून काढली कीं झिजलेल्या प्रतीवरून? कांहीं गाळलें किंवा घातलें आहे काय? रंग कोणाच्या देखरेखीखालीं लाविले? दुकानदार प्रथम हंसेल. पण दहा घरांनीं हेंच विचारलें तर अकराव्या वेळीं तो उत्तर शोधून ठेवील. आणि आपल्या मुलांना मागल्या पिढीच्या कामाचा निवाडा करावयाचाच असेल, तर निदान पुरावा तरी खरा मिळेल.