स्टुडिओत फोटो काढून पत्रकारिता कळत नाही

मा. संपादक,


डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली निघतात. रायगड, महाबळेश्वर, वॉटर पार्क या नेहमीच्या यादीत आता माध्यमांतल्या ‘करिअर’ची ओळख करून देणाऱ्या सहलीची भर पडू लागली आहे. आमच्या भागातल्या एका शाळेनेही नववीच्या मुलांना पुण्यात नेऊन वृत्तपत्राचे कार्यालय आणि एक स्टुडिओ दाखवून आणला. हेतूबद्दल शंका नाही. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या शेळगावच्या मुलाला डॉक्टर, इंजिनिअर आणि पोलीस भरती यांच्यापलीकडे काही असते हे कळलेच पाहिजे. पण पहाटे अंधारात निघून, उलट्या सोसत पुणे गाठलेल्या पोरांनी पाहिले काय? थांबलेले छपाई यंत्र, निवेदकाची रिकामी खुर्ची आणि त्या खुर्चीत बसून पाळीपाळीने काढलेले फोटो.

यात कार्यालयाचा दोष नाही, वेळेचा आहे. दैनिक रात्री तयार होते. बातम्यांचा खरा ओघ संध्याकाळी सुरू होतो, मथळ्यावरून वाद तेव्हा होतात, आयत्या वेळी आलेल्या मजकुरासाठी लागलेले पान तेव्हाच मोडावे लागते. सकाळी अकराला जाऊन वृत्तपत्र पाहणे म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर साखर कारखाना पाहणे. लांबच्या तालुक्यांची पाने तर शहराच्या आधी सोडावी लागतात, कारण गठ्ठे पहाटेपर्यंत पोहोचवायचे असतात. त्यामुळे रात्री उशिरा इंदापूरजवळ अपघात झाला, तर तो पुण्याच्या वाचकाला सकाळी वाचायला मिळू शकतो आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी. ही एक गोष्ट जरी मुलांना समोर बसवून कुणी समजावली असती, तरी सहलीचे पैसे वसूल झाले असते.

माझे म्हणणे असे, की आमच्या मुलांची माध्यमांशी पहिली ओळख पुण्यात नको, बारामतीत व्हावी. आणि ती पाहण्याची नको, करण्याची असावी.

बारामती आम्हाला तासाभरावर. तिथे विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ आहे, एफएम ९०.४ वर. कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ आहे, ९०.८ वर. तालुक्याच्या एका गावाच्या परिसरात दोन सामुदायिक रेडिओ केंद्रे असणे ही साधी गोष्ट नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणीही हे सुख नाही. आणि आम्ही मुलांना त्यांच्या जवळून बसने पुण्याकडे नेतो!

सामुदायिक रेडिओची तऱ्हा शिकण्यासारखी आहे. प्रक्षेपणाची ताकद साधारण शंभर वॅट, टप्पा दहा-पंधरा किलोमीटरचा. म्हणजे केंद्र बारामतीत असले तरी शेळगावच्या शिवारात त्याचा आवाज सरळ लागेल याची खात्री नाही. असे का, हा प्रश्न विज्ञानाचा. टप्पा सरकारने एवढाच का ठेवला, हा नागरिकशास्त्राचा. कार्यक्रमांपैकी निदान निम्मे तिथल्याच लोकांनी तिथेच तयार केलेले असावेत, अशी अपेक्षा असते. त्याहून मोठी मेख बातम्यांची. या केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फक्त आकाशवाणीच्या बातम्या, जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून, लावता येतात. हवामान सांगा, बाजारभाव सांगा, परीक्षेच्या तारखा सांगा. पण शेजारच्या गावात ग्रामसभा का उधळली गेली हे बातमी म्हणून सांगू नका. नववीच्या मुलाला हे कळले की तो आपणहून विचारतो: मग मोबाइलवर कुणीही काहीही बातमी म्हणून सांगतो, ते कसे चालते? या प्रश्नापर्यंत पोरगे आले, तर पुढच्या स्टुडिओदर्शनाची गरज उरत नाही.

शिवाय इथे मुलाला माईकसमोर बसवता येते. माणदेशात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ने गावच्या बायाबापड्यांचा आवाज हवेत नेला. तसा आपल्या पोरांचा का नेऊ नये? प्रमाण मराठीत बोलता येत नाही म्हणून वर्गात गप्प बसणारी मुलगी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आजीची ओवी किंवा डाळिंबावरच्या तेल्या रोगाची माहिती घडाघडा सांगेल, यावर माझा विश्वास आहे.

पण सहलीला निघण्याआधी मुलांच्या हातात काही हवे. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले की आमच्याकडे बातमी शोधायला लांब जावे लागत नाही. पाटकऱ्याला विचारा, शाखा अभियंत्याला विचारा आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला विचारा. तिघे तीन गोष्टी सांगतील. त्यातून दीडशे शब्द लिहा आणि कुणाच्या सांगण्याचा पुरावा काय, ते समासात लिहा. तसेच पालखीचे. तुकोबांच्या पालखीचे बेलवाडीतले रिंगण आमच्या पोरांनी उभे राहून डोळ्यांनी पाहिलेले असते. तेच रात्री टीव्हीवर अर्ध्या मिनिटात दाखवतात. काय ठेवले, काय कापले, कुणाला बोलू दिले, याची यादी करायला सांगा. संकलन म्हणजे काय, ते त्या यादीवरून कळेल.

आता जे लिहितो ते आपल्याला कदाचित रुचणार नाही. करिअर दाखवायचेच असेल तर ते पूर्ण दाखवावे. ग्रामीण भागातला बहुतेक वार्ताहर पगारी नोकर नसतो. तुटपुंजे मानधन, त्यावर जाहिरातींचे कमिशन. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी भरायची, त्याच्याच विरोधात दुसऱ्या दिवशी बातमी द्यायची, हा पेच तो रोज सोसतो. २००९च्या निवडणुकांत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा विषय याच महाराष्ट्रात गाजला आणि पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलला त्यावर अहवाल द्यावा लागला. हे मुलांपासून लपवून त्यांना नुसता चकचकीत स्टुडिओ दाखवणे म्हणजे वराचे वय न सांगता लग्न ठरवणे. ६ जानेवारीला, ‘दर्पण’ या मराठीतल्या पहिल्या वृत्तपत्राची आठवण म्हणून, आपण पत्रकार दिन साजरा करतो. तालुक्याच्या पत्रकारांना शाल, श्रीफळ आणि डायरी देऊन घरी पाठवतो. तो दिवस सहलीच्या हंगामातच येतो. त्या दिवशी सत्कार नको. नववीच्या मुलांनी तास-दीड तास त्यांची मुलाखत घ्यावी. किती मिळते, कोण फोन करते, कोणती बातमी देता आली नाही, सगळे विचारावे.

मुख्याध्यापक म्हणतील, अभ्यासक्रम कधी संपवायचा? त्याला उत्तर आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवून मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा जाणकारांच्या हाताखाली काम करावे, असे म्हटले आहे. त्या यादीत वार्ताहर, छायाचित्रकार, निवेदक आणि पहाटे गठ्ठे सोडवणारा वितरक का नसावा?

पालकांचा आक्षेप मी जास्त गंभीर मानतो. ते म्हणतात, पोरांना मोठे शहर दिसायला नको का? दिसावे. अकरावी-बारावीत गेल्यावर ज्यांना या कामाची ओढ लागली आहे अशांना जरूर पुण्याला न्या. आकाशवाणीचे केंद्र, रानडे इन्स्टिट्यूट, फिल्म इन्स्टिट्यूट पाहू द्या. तेव्हा त्यांच्याकडे विचारायला प्रश्न असतील. पण नववीत लांबच्या सहलीला कोण जात नाही, हेही बघा. ऊसतोड कामगारांची मुले जात नाहीत. रात्री उशिरा परतायचे म्हणून बऱ्याच मुलींना घरून परवानगी मिळत नाही. बारामतीची फेरी दिवेलागणीच्या आत संपते, एसटीने शालेय सहलीची सवलत घेऊन गेले तर खर्चही आवाक्यात राहतो. कॅमेऱ्यामागे उभे राहण्याची गरज ज्यांना सर्वांत जास्त आहे, तीच मुले वगळून माध्यमांची ओळख करून देण्यात काय हशील?

म्हणून आपल्याला एक विनंती. आपल्या इंदापूरच्या प्रतिनिधीला एका संध्याकाळी आमच्याकडच्या शाळेत पाठवावे. भाषणासाठी नव्हे, त्याने मुलांसमोर बसून त्या दिवसाची बातमी लिहावी आणि पाठवावी. दुसऱ्या दिवशी छापून आलेली बातमी आणि त्याचा मूळ मजकूर मुले शेजारी ठेवून पाहतील. हे पत्रही जागेअभावी आपण कापणार, याची मला कल्पना आहे. जरूर कापा. याची पूर्ण प्रत मी शाळेत देऊन ठेवली आहे. तुम्ही कोणती वाक्ये गाळली आणि का, हा पहिला धडा तिथूनच सुरू होईल.

आपला,
एक पालक
शेळगाव, ता. इंदापूर, जि. पुणे