कारखान्याला वारस मिळाला, गाडीला नाही

शेवरोलेची क्रूझ २००९ साली भारतात आली तेव्हा तिची किंमत अकरा लाखांच्या घरात सुरू होत होती आणि दोन लिटरच्या डिझेल इंजिनाची दीडशे अश्वशक्ती हा तिचा तोरा होता. मोठ्या शहरात अशा गाडीची हौस पाच-सात वर्षांत फिटते. मग ती दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जात जात केज, धारूर, अंबाजोगाईच्या बाजूला उतरते, कारण नव्या छोट्या गाडीच्या किमतीच्या एका हिश्श्यात इथे दारासमोर लांबलचक सेडान उभी राहते. लग्नसराईत नवरदेवाला तिच्यातूनच मिरवायचं असतं. वर्ष-दोन वर्षांनी मात्र तीच गाडी गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली दिसू लागते आणि गाव म्हणतं, चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला; ऐपत नव्हती तर घेतली कशाला? शेवरोले, फोर्ड अशा अमेरिकन बिल्ल्याच्या जुन्या गाड्यांबद्दल हा टोमणा सर्रास ऐकू येतो. त्यात मालकाच्या उतावीळपणाचा वाटा असेलही. पण मसाला बारा आण्यांचा का झाला, हे कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर मालकाच्या खिशापेक्षा आपल्या कायद्यातल्या एका मोठ्या भगदाडात सापडतं.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. महाराष्ट्रात मोटार वाहन कर पहिल्याच दिवशी एकरकमी घेतला जातो. म्हणजे गाडी पंधरा वर्षं रस्त्यावर राहणार, हे सरकारनं गृहीत धरलेलं असतं आणि त्यापोटीचे पैसे आगाऊ मोजून घेतलेले असतात. पंधरा वर्षांनंतरही फिटनेस पाहून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली, वर पर्यावरण कर. दुसरीकडे, सदोष गाड्या परत बोलावण्याची जी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आली, तिचे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते आहेत. आणि सुट्या भागांचं काय? गाडी विकणाऱ्या कंपनीनं तिचे भाग इतकी वर्षं पुरवलेच पाहिजेत, अशी सरळ मुदत घालून देणारा कायदा आपल्याकडे नाही. घेणाऱ्यासाठी पंधरा वर्षांचा हिशोब, दोषासाठी सात आणि सुट्या भागांसाठी कंपनीच्या मर्जीवर सोडलेला काळ, अशी ही तिरपागडी मांडणी आहे. कंपनी धंद्यात टिकून असते तोवर ती कुणाला टोचत नाही, कारण नव्या गाड्या खपवायच्या म्हणून जुन्यांचे भाग मिळत राहतात. कंपनी उठून गेली की उघडं पडतं.

आणि कंपन्या उठून गेल्या. मे २०१७ मध्ये जनरल मोटर्सनं जाहीर केलं की वर्षअखेर भारतात शेवरोलेची विक्री बंद. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालू राहिला आणि डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबला. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डनं इथलं उत्पादन बंद करत असल्याची घोषणा केली. त्या वेळी वितरकांच्या संघटनेनं, फाडानं, सांगितलेला आकडा १७० वितरक, ३९१ शोरूम आणि तिथले सुमारे चाळीस हजार कामगार असा होता. आता पुढचं पाहा. जिथे क्रूझ बनत होती तो हालोलचा कारखाना एमजीनं घेतला. तळेगावचा ह्युंदाईकडे गेला. फोर्डचा साणंदचा कारखाना टाटांनी ७२५ कोटींहून थोड्या अधिक किमतीला विकत घेतला. जमिनीला, यंत्रांना, शेडला वारस मिळाले, करार झाले, सरकारांनी त्यांना परवानग्या दिल्या. रस्त्यावर सोडून दिलेल्या लाखो गाड्यांचा वारस कोण, हा प्रश्न त्या करारांत कुठे आला?

दोन्ही कंपन्यांनी सेवा आणि सुटे भाग पुरवत राहू असं आश्वासन दिलं होतं, हे सांगायला हवं. आणि मोठ्या शहरांत ते बऱ्यापैकी पाळलंही गेलं. तेलाचे-हवेचे फिल्टर, ब्रेक पॅड, बेअरिंग ही रोजची मंडळी इतर कंपन्याही बनवतात, ती लातूरला मिळून जातात. इंजेक्टर बिघडला तर पंप-नोझलचं काम करणारे मराठवाड्यात कमी नाहीत. गाडं अडतं ते पुढे. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो, गाडीची ओढ जाते, अॅक्सिलरेटर दाबला तरी ती रांगते. केजच्या मेकॅनिककडचा साधा स्कॅनर एक कोड दाखवतो आणि तिथेच त्याची अक्कल संपते. मेकॅनिक बिचारा ईजीआर व्हॉल्व्ह काढून काजळी धुतो, टर्बोचे पाइप तपासतो, वायरिंग चाचपतो. दोष इंजिन चालवणाऱ्या संगणकातच, म्हणजे ईसीएममध्ये निघाला तर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून तसाच दुसरा आणता येतो. तो अगदी बरोबर बसतो, सॉकेटला सॉकेट जुळतं, आणि गाडी सुरू होत नाही. चोरी होऊ नये म्हणून किल्ली, इम्मोबिलायझर आणि ईसीएम यांची सांगड घातलेली असते. ती नव्यानं घालायला कंपनीचं सॉफ्टवेअर आणि कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते. म्हणजे भाग हातात आहे, हात कुशल आहे, आणि गाडी टेम्पोवर लादून पुण्याला न्यायची. दुरुस्तीच्या बिलापेक्षा वाहतुकीचं बिल मोठं. बंपर किंवा हेडलाइटसाठी महिना-दीड महिना दिल्लीच्या कश्मीरी गेटपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत फोन करत बसणं हा त्याचा धाकटा भाऊ.

अमेरिकन कंपन्यांनी भारत सोडण्याची ही पहिली वेळ नाही. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती, फोर्डचाही जम बसला होता. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, इथे प्रत्यक्ष उत्पादन करण्याची योजना नसलेल्या कंपन्यांना जागा उरली नाही, आणि दोघींनी गाशा गुंडाळला. त्यांच्या बोजड सेडान तरी पुढे कित्येक वर्षं धावत राहिल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, कुर्ल्याला, क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लायमाउथ बनू लागल्या होत्या, आणि त्या मुंबईच्या टॅक्सी होऊन राबल्या. हे शक्य झालं कारण त्या गाड्यांचं सगळं शास्त्र डोळ्याला दिसत होतं आणि बोटांना कळत होतं. कार्ब्युरेटर उघडून साफ करता येत होता, झिजलेली बुश लेथवर कातून मिळत होती, पिस्टन ओव्हरसाइज टाकून इंजिन पुन्हा बांधता येत होतं. कंपनी गेली तरी ज्ञान इथेच राहिलं. दुसऱ्या वेळी कंपनी जाताना ज्ञानही कुलूप लावून घेऊन गेली. आपल्या मिस्त्रींचं कसब कमी झालं असं म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. अंगभूत हुशारीनं सर्व्हरचा पासवर्ड कातता येत नाही.

ही तक्रार काही जुन्या गाड्यांच्या शौकिनांची कुरकुर नव्हे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला, त्यात जनरल मोटर्स आणि फोर्डही होत्या आणि आपल्या टाटा, मारुती, महिंद्राही. खरे सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजना न देऊन या कंपन्यांनी दुरुस्तीचा बाजार आपल्या मुठीत ठेवला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. ते भाग आणि ती साधनं खुली करा, असा आदेशही होता. प्रकरण अपिलांत गेलं, काहींचा दंड कमी झाला. ते न्यायालयांचं काम, होत राहील. पण आजही तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकच्या हातात कंपनीचं अधिकृत निदान-सॉफ्टवेअर रास्त पैशांत पडत नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी आहे: मराठवाड्यात राहायचं तर मारुती घ्यावी, टाटा घ्यावी, या भानगडीत पडूच नये. वैयक्तिक सल्ला म्हणून तो पटण्यासारखा आहे. धोरण म्हणून तो घातक आहे. सुटे भाग फक्त बड्या तीन-चार कंपन्यांचेच मिळणार असं ग्राहकानं गृहीत धरलं, तर नव्या कंपनीला या बाजारात पाय रोवताच येणार नाही आणि असलेल्यांना किमतीत सवलत द्यायचं कारण उरणार नाही. दुसरं म्हणजे, ज्यानं २०१६ मध्ये शोरूममधून नवी क्रूझ घेतली, त्याला वर्षभरात कंपनी दुकान बंद करणार हे कोण सांगणार होतं? जोखमीची पूर्ण माहिती एका बाजूला आणि पूर्ण तोटा दुसऱ्या बाजूला, याला बाजाराचा न्याय म्हणायचं का? शिवाय ही गाडी ‘अमेरिकन’ म्हणावी की नाही इथूनच घोळ आहे. ऑप्ट्रा मुळात कोरियाच्या देवूची, तवेरा जपानच्या इसुझूची. बिल्ला तेवढा शेवरोलेचा. ग्राहक बिल्ल्यावर विश्वास ठेवतो, आणि बिल्ला काढून नेणं सर्वांत सोपं असतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. जुन्या डिझेल गाड्या धूर ओकतात. त्या जिवंत ठेवण्याचे लाड कशाला, भंगारात काढा. हवेचा प्रश्न खोटा नाही. परंतु २०२१ च्या भंगार धोरणानंही, दिल्लीच्या परिसरातले वेगळे निर्बंध सोडले तर, वयापेक्षा फिटनेसवर भर दिला आहे, आणि ते योग्य आहे. धूर जन्मतारखेतून येत नाही. गळका इंजेक्टर, तुंबलेला ईजीआर, मेलेला सेन्सर यांतून येतो. हे भाग मिळाले नाहीत म्हणून गाडी गावात चालायची थांबत नाही. सेन्सरची वायर तोडून, ईजीआरला पत्रा ठोकून ती चालवली जाते आणि पीयूसीचा कागद कसा मिळतो ते सर्वांना ठाऊक आहे. ज्याला हवेची काळजी आहे त्यानं तर सुट्या भागांच्या मागणीत सर्वांत पुढे असायला हवं.

तिसरा आक्षेप उद्योगजगताचा: अशी बंधनं घातली तर परदेशी कंपन्या इथे येणारच नाहीत. पण बंधनं नव्हती तेव्हाही त्या थांबल्या कुठे? तोटा झाला, गेल्या. त्यांचा तो हक्क आहे. आणि या कंपन्यांना असलं बंधन घरी नवीन नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा सुमारे ८६ टक्के मतांनी उचलून धरला. त्यानंतर २०१४ मध्ये मोटार कंपन्यांच्या संघटनांनी देशभर तशीच माहिती बाहेरच्या गॅरेजना देण्याचा करार केला. जनरल मोटर्स आणि फोर्ड त्यात सामील होत्या. युरोपनंही २००७ पासूनच्या नियमांत दुरुस्तीची माहिती खुली ठेवणं बंधनकारक केलं आहे. म्हणजे ओहायोतल्या गॅरेजवाल्याला जे मिळतं ते केजच्या गॅरेजवाल्याला मिळत नाही. यात खर्चाची अडचण दाखवता येत नाही. माहिती एकदा तयार झालेली आहे. अडचण आहे ती आपण मागितलंच नाही ही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे. पाऊल चांगलं, पण पोर्टलवर कंपनीनं काय टाकायचं हे बरंचसं कंपनीच ठरवते. जी कंपनी विक्री बंद करून गेली तिला तिथे माहिती ताजी ठेवण्यात काय रस? म्हणून अट विक्रीच्या वेळी घालायला हवी. मॉडेलला मंजुरी देतानाच कंपनीकडून लिहून घ्यावं: शेवटची गाडी विकल्यापासून पंधरा वर्षं भाग पुरवू. त्याआधी बाजार सोडला तर भागांची रेखाटनं, निदानाचं सॉफ्टवेअर आणि किल्ली-ईसीएम जुळवण्याची सोय सरकारनं नेमलेल्या संस्थेकडे सोपवू. त्यासाठी विकलेल्या प्रत्येक गाडीमागे थोडी रक्कम अनामत ठेवावी. गाडीची किंमत त्यानं किंचित वाढेल, हे खरं. ती वाढ नव्या गाडीच्या पहिल्या मालकानं सोसणं, तिसऱ्या मालकानं आख्खी गाडी गमावण्यापेक्षा न्याय्य आहे. चोरांना कुलूप उघडून मिळेल ही भीती रास्त आहे. त्यावर मेकॅनिकची नोंदणी आणि आरसी पाहूनच कोडिंग, असा उपाय अमेरिकेत किल्ल्यांच्या बाबतीत वापरला जातो.

घाई करायला कारणही आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं पहिलं दालन उघडलं. त्या गाडीत इंजिन नाही, पण सॉफ्टवेअर नसानसांत आहे आणि सर्वांत महाग भाग बॅटरी आहे. दहा वर्षांनी ती आणि तिच्यासारख्या इतर विजेच्या गाड्या तिसऱ्या मालकाच्या हातात मांजरसुंब्याच्या घाटातून उतरतील. तोवर त्यातली कोणती कंपनी इथे असेल हे आज कुणीच लिहून देणार नाही. राज्याचा परिवहन विभाग मात्र त्यांच्या नोंदणीची मुदत आजच पंधरा वर्षांची लिहून देतो आहे.