साक्ष राहून गेली

गेल्या विजय दिवसाला शाळेच्या सभागृहात मी १९७१ च्या युद्धावर बोललो. पडद्यावर ढाक्याच्या शरणागतीचा प्रसिद्ध फोटो होता. जमालपूरला आपल्या जंगी पलटणीने, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीने, शत्रूची वाट कशी रोखली ते सांगितले. ११ डिसेंबरला पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, तीही मराठ्यांचीच, टांगाईलजवळ आकाशातून कशी उतरली ते सांगितले. टाळ्या पडल्या. शेवटी नववीतला एक कॅडेट उभा राहिला.

"सर, आपण ९३,००० कैदी घेतले. त्यांच्यातल्या ज्यांनी साध्या लोकांना मारलं, त्यांना शिक्षा झाली का?"

मी म्हणालो, "नाही. तो राजकारणाचा भाग होता. पुढचा प्रश्न?"

उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते. राहिलेले अर्धे या पानावर लिहितो आहे.

आर्मी एज्युकेशन कोअरमध्ये असताना २००४ ते २००७ अशी तीन वर्षे माझी नेमणूक कोलकात्याला, ईस्टर्न कमांडच्या मुख्यालयात, फोर्ट विल्यममध्ये होती. १९७१ ची पूर्वेकडची लढाई याच किल्ल्यातून चालवली गेली. आता त्याचे नाव 'विजय दुर्ग' झाले आहे, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. पूर्वेच्या दरवाज्याजवळ विजय स्मारक आहे. दर १६ डिसेंबरला तिथे पुष्पचक्र वाहतात आणि बांगलादेशातून जुने मुक्तियोद्धे येतात.

फॅमिली क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून आम्ही बेहाला भागात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली 'माशीमा' म्हणायची, म्हणजे मावशी. आम्हीही तेच म्हणू लागलो. त्या मूळच्या खुलना जिल्ह्यातल्या. १९७१ मध्ये सोळा वर्षांच्या होत्या.

त्यांनी ती हकीकत एका बैठकीत कधी सांगितली नाही. कधी मासे साफ करताना, कधी गच्चीवर कपडे वाळत घालताना, अशी तुकड्यातुकड्यांनी ती माझ्या कानावर आली. गाव पेटल्यावर हजारो कुटुंबे होड्यांनी आणि पायी सरहद्दीकडे निघाली. वाटेत भद्रा नदीकाठच्या चुकनगरच्या बाजारात सगळे थांबले. २० मे १९७१ चा दिवस. वडील चुरमुरे आणायला गेले. ट्रकमधून सैनिक उतरले आणि काही तास गोळीबार चालला. माशीमा आणि त्यांची आई एका तळ्यात, जलपर्णीखाली, गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. चुकनगरला त्या एका दिवसात हजारो माणसे मारली गेली. त्यांत वडीलही होते.

माशीमांना दोन गोष्टी स्वच्छ आठवत होत्या. एका अधिकाऱ्याच्या हातातली वेताची काठी, आणि पहिल्या ट्रकवर पांढऱ्या रंगात लिहिलेला आकडा. तो आकडा त्या पाढ्यासारखा म्हणून दाखवत.

पुढे त्या सॉल्ट लेकच्या निर्वासित छावणीत पोचल्या. तिथे जागा इतकी अपुरी होती, की कित्येक कुटुंबे ड्रेनेजच्या मोठ्या सिमेंटच्या पायपांत संसार मांडून राहिली. भारतात त्या वर्षी सुमारे एक कोटी निर्वासित आले होते. रेशनकार्ड लिहिणाऱ्या मुलाला माशीमांनी ट्रकचा आकडा सांगितला. तो म्हणाला, "दीदी, यात तसा रकाना नाही. घरात माणसं किती, एवढंच लिहायचं आहे."

एका १६ डिसेंबरला मी समारंभाहून पदके लावून घरी आलो. माशीमांनी हातावर संदेश ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही जिंकलात म्हणून आम्ही जगलो, बाबा. पण कुठल्याही कोर्टानं मला बोलावलं नाही. मी एवढं पाहिलंय, ते कुणाला नकोच होतं का?"

आता कॅडेटच्या प्रश्नाकडे येतो. कैद्यांवर खटले भरायचे ठरले होते. यादी आधी मोठी होती. ती गाळत गाळत १९५ नावांवर आली आणि एप्रिल १९७३ मध्ये बांगलादेशाने ती संख्या जाहीर केली. जुलैमध्ये त्यासाठी खास कायदाही केला. पण पाकिस्तानात लाखो बंगाली अडकले होते, आणि त्यांच्यातल्या काहींवर आम्हीही खटले भरू, असे पाकिस्तान म्हणत होता. नव्या देशाला मान्यता हवी होती. चीनने १९७२ मध्ये त्याचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेश अडवला होता. शेवटी ९ एप्रिल १९७४ रोजी दिल्लीत तीन देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी करार केला आणि ते १९५ जण मायदेशी गेले.

हा करार मी सरसकट चुकीचा म्हणणार नाही. अडकलेली माणसे परत आणणे हेही कर्तव्यच होते. पण त्या टेबलाभोवती तीन देश बसले होते, आणि ज्यांची माणसे मेली त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती. क्षमा जाहीर झाली ती त्यांना न विचारता. आजही मृतांच्या संख्येवर वाद चालतो. बांगलादेश ३० लाख म्हणतो, काही अभ्यासक पुष्कळ कमी सांगतात. वेळेवर खटले उभे राहिले असते, साक्षी नोंदल्या गेल्या असत्या, उलटतपासणी झाली असती, तर निदान कोणत्या गावी कोणत्या दिवशी काय घडले याचे पक्के दप्तर आज हाती असते.

माझे मत असे आहे, की वंशसंहाराच्या खटल्यात वाचलेल्या माणसाला केवळ साक्षीदार म्हणून बोलावणे पुरेसे नाही. त्याला पक्षकार म्हणून जागा मिळाली पाहिजे. फरक मोठा आहे. साक्षीदार विचारले तेवढे सांगतो आणि बाहेर जातो. पक्षकाराचा वकील शेवटपर्यंत बसतो, कागद पाहतो, आरोपीला प्रश्न विचारतो, भरपाई मागतो.

याला पहिले कारण कोलकात्यातच सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत खटला चालला. त्यात कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले राधाबिनोद पाल होते. १९४८ मध्ये त्यांनी बाकीच्यांहून वेगळा निकाल देऊन सर्व आरोपींना निर्दोष ठरवले. अत्याचार झालेच नाहीत, असे पाल म्हणाले नव्हते. त्यांचा आक्षेप होता की जिंकणाऱ्यांनी कोर्ट नेमले, कायदाही मागाहून केला, आणि हरलेल्यांना पिंजऱ्यात उभे केले. त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही, पण आक्षेप टाळता येत नाही. त्यावर मला एकच उत्तर दिसते. खटला जेत्याचा वाटू नये असे वाटत असेल, तर ज्याने सोसले त्याला कोर्टात स्वतःचा आवाज हवा. जेता उद्या समझोता करतो, परवा सरकार बदलते. वडील गमावलेल्या मुलीचा प्रश्न मात्र तोच राहतो.

जगाला हे समजायला वेळ लागला. न्यूरेंबर्गचा खटला मुख्यतः नाझींच्याच कागदपत्रांवर चालला. १९६१ मध्ये जेरुसलेमला आइकमनच्या खटल्यात शंभराहून अधिक साक्षीदार आले, त्यांत बहुतेक वाचलेले ज्यू होते, पण तेही साक्षीदारच. १९९८ च्या रोम करारातून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय निर्माण झाले, तेव्हा पीडितांना आपले म्हणणे वकिलामार्फत मांडण्याचा हक्क लेखी मिळाला. भारत त्या कराराचा सदस्य नाही. तरी हा विचार आपल्याला परका नाही. एप्रिल २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की गुन्ह्यातल्या पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत ऐकून घेतले पाहिजे.

प्रत्यक्षात हे कसे दिसते, ते कंबोडियात पाहावे. ख्मेर रूज राजवटीत नोम पेन्हच्या तुओल स्लेंग तुरुंगात १२,००० हून अधिक माणसांना डांबून पुढे मारण्यात आले. मोजकेच वाचले. त्या तुरुंगाचा प्रमुख डुइच याच्यावर २००९ मध्ये खटला चालला, तेव्हा वाचलेल्यांपैकी बू मेंग हा चित्रकार पक्षकार म्हणून हजर होता. त्याची बायको त्याच तुरुंगातून नाहीशी झाली होती. त्याने न्यायाधीशांमार्फत आरोपीलाच विचारले, की माझ्या बायकोला कुठे मारले ते सांग. डुइचला नेमके सांगता आले नाही. पण तीस वर्षे मनात बाळगलेला प्रश्न, ज्याने उत्तर द्यायला हवे त्याच्यापुढे, कायद्याच्या चौकटीत ठेवला गेला. डुइचला आधी ३५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१२ मध्ये अपिलात जन्मठेप. पीडितांना पैसे मिळाले नाहीत. त्यांची नावे निकालपत्रात छापली गेली.

आता उलट बाजू. हजारो पीडित आले तर खटला संपणार कधी? कंबोडियातच पुढच्या खटल्यात सुमारे ३,९०० पक्षकार होते. त्यांची बाजू समाईक वकिलांनी मांडली आणि खटला पुरा झाला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आरोपीला एकाऐवजी दोन फिर्यादींना तोंड द्यावे लागते, आणि दुःखी माणूस कधी चुकीच्या माणसाकडेही बोट दाखवतो. म्हणून मर्यादा हव्यातच. दोष आणि शिक्षा न्यायाधीशच ठरवणार. पुरावा सरकारी वकिलाकडूनच येणार. पीडिताचीही उलटतपासणी होणार. खुर्ची म्हणजे तराजू नव्हे.

या मर्यादा आणि हे हक्क दोन्ही नसले की काय होते, तेही आपल्या शेजारीच घडले. १९७३ चा कायदा वापरून २०१० मध्ये ढाक्यात न्यायाधिकरण सुरू झाले. स्थानिक साथीदारांवर खटले चालले. चाळीस वर्षांनी का होईना, वाचलेल्यांनी साक्षी दिल्या आणि देशाने त्या ऐकल्या, हे मोलाचे होते. पण त्या कायद्यात पीडित पक्षकार नव्हता, आणि खटल्यांच्या निःपक्षपातीपणावर मानवी हक्क संघटनांनी गंभीर शंका घेतल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये, १९७१ ला मारल्या गेलेल्या एका माणसाचा भाऊ आरोपीच्या बाजूने साक्ष द्यायला आला. त्याला न्यायाधिकरणाच्या दारातूनच साध्या वेशातल्या पोलिसांनी उचलून नेले, असा बचाव पक्षाचा आरोप होता. सरकारी बाजूने तो नाकारला. काही महिन्यांनी तो माणूस सापडला कोलकात्याच्या दमदम तुरुंगात. भाऊ त्याचा मेला होता, पण त्याला काय सांगायचे होते ते कोर्टाने कधी ऐकलेच नाही. आणि ज्या शेख हसीनांच्या सरकारने ते न्यायाधिकरण उभारले, त्यांच्यावरच २०२५ मध्ये त्याच न्यायाधिकरणात खटला चालला. पाल यांचा आक्षेप अजून जिवंत आहे तो असा.

कॅडेट मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हे वकिलांचे काम, आमचा काय संबंध? संबंध आहे. गाव मोकळे झाल्यावर तिथे पहिला पोचतो तो जवान किंवा तरुण लेफ्टनंट, वकील नव्हे. त्या पहिल्या तासात तुमच्या खिशात एक वही असली पाहिजे. तारीख, वेळ, जागा, पलटणीचे चिन्ह, गाडीचा नंबर, सांगणाऱ्याचे नाव. त्याच्या तोंडी शब्द घालू नका. खड्डे उकरू नका, पहारा लावा. कैदी शरण आला की जिनिव्हा करारांप्रमाणे त्याला सांभाळा, चिडलेल्या जमावाच्या हाती देऊ नका. कैदी मारला गेला तर त्याच्यासोबत खटलाही मरतो. आणि ही वही दोन्ही बाजूंना लागू आहे. चूक आपल्या माणसाची दिसली तरी ती त्याच वहीत, त्याच अक्षरात लिहायची. हे ज्याला जमणार नाही, त्याने युद्धगुन्ह्यांवर भाषणे देऊ नयेत.

पालकांनाही एक विनंती आहे. मुले घरी आली की लढायांच्या गोष्टी जरूर सांगा. त्याच लढाईत ज्यांच्या हाती शस्त्र नव्हते त्यांचे पुढे काय झाले, हेही विचारू द्या. नववीतल्या त्या मुलाने विचारले तसे.

शेवटी माझी कबुली. माशीमा २०१६ मध्ये गेल्या. त्यांच्या घरी मी दीड वर्ष राहिलो. शिकवणे हा माझा पेशा, खिशात पेन कायम. ट्रकवरचा तो आकडा त्यांनी मला निदान दोनदा म्हणून दाखवला होता. आज आठवायला बसलो तर पहिले दोन अंक येतात, पुढचे येत नाहीत. वडिलांचे नाव तर मी कधी विचारलेच नाही. छावणीतल्या त्या रेशनवाल्या मुलाकडे निदान रकाना नव्हता, ही सबब होती.

त्या कॅडेटला मी एक कोरी वही दिली आहे. त्याचे आजोबा १९७१ मध्ये आगरतळ्याच्या आघाडीवर होते, असे तो म्हणाला. सुट्टीत त्यांच्याजवळ बसून, त्यांनी काय पाहिले ते तारीखवार लिहून आणायचे, असे आमचे ठरले आहे.