तिसऱ्या मुलीचे नाव



तुमसर तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. घरात तिसरी मुलगी झाली, महिना उलटला, पण नाव अजून ठरलेले नाही. मोठ्या दोघींची नावे मी बदलून लिहिते. समजा, सादिया आणि नादिया. सासरच्या मंडळींचे म्हणणे असे, की तिसरीचे नाव याच चालीवर हवे. फुफीने मोबाईलवरून यादी उतरवून दिली आहे: हादिया, शादिया, फादिया. आईच्या मनात मात्र बाळ पोटात होते तेव्हापासून मरियम हे नाव आहे. "जुळत नाही" म्हणून ते बाजूला पडले. मी माझ्या नावाचा आग्रह धरला तर ती मोठ्यांची बेअदबी होईल का, असे त्या विचारतात. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: अकीका अजून झालेला नाही, पुढच्या वेळी मुलगा झाला की दोघांचा एकत्रच करू, असे सासरे म्हणतात.

नावाचे आधी बोलू. या शेवटच्या ओळीकडे नंतर येते.

बहिणींची नावे जुळवण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. आमच्या आईच्या पिढीत शमीम, नसीम, तसनीम अशा बहिणी गल्लोगल्ली होत्या. ऐकायला गोड वाटते, दादीला एका दमात तिघींना हाक मारता येते. यात गुनाह काही नाही. प्रेषित (स.) यांच्या नातवांची नावे हसन आणि हुसैन, दोन्ही एकाच मुळातून आलेली. तेव्हा जुळणारे नाव म्हणजे काही गैर, असे मी म्हणणार नाही.

पण मुलींच्या बाबतीत त्याच घरात काय झाले तेही पाहा. प्रेषितांच्या चार मुली: जैनब, रुकय्या, उम्मे कुलसूम आणि फातिमा (रजि.). चार नावांत एकही यमक नाही. पुढे हजरत फातिमांना मुली झाल्या, त्यांची नावे ठेवली जैनब आणि उम्मे कुलसूम. म्हणजे थेट मावशांची नावे. बहीण बहिणीशी जोडली गेली ती अशी. शेवटचे अक्षर सारखे असण्याची गरज त्या घराला पडली नाही.

यमकामागे लागले की अर्थ मागे राहतो, हा माझा शाळेतला अनुभव आहे. दरवर्षी जूनमध्ये नवी नावे हजेरीवर येतात. मी मुलींना विचारते, बेटा, तुझ्या नावाचा अर्थ काय? मोठी बहीण पटकन सांगते. धाकटी म्हणते, "बाजीच्या नावाशी जुळते म्हणून ठेवले." मोबाईलवर पाहावे तर एकाच नावाला तीन ठिकाणी तीन अर्थ, आणि चौथ्या ठिकाणी "जन्नतचे फूल". हे जन्नतचे फूल इतक्या नावांपुढे लिहिलेले असते की त्यावर माझा विश्वास उरलेला नाही. मदरशातल्या किंवा शाळेतल्या एखाद्या उर्दू जाणणाऱ्या माणसाकडून शब्द उर्दूत लिहून घ्यावा आणि मग शब्दकोश उघडावा. पाच मिनिटांचे काम आहे.

उर्दूत लिहून घ्या, असे का म्हणते? आपल्या देवनागरीत दोन वेगळे शब्द एकच दिसतात. आसिया घ्या. अलिफ आणि सीनने लिहिलेली आसिया म्हणजे फिरऔनची ईमानदार बीवी, फार मोठ्या मानाचे नाव. ऐन आणि सादने लिहिलेली आसिया म्हणजे नाफरमान, आज्ञा मोडणारी. हेच दुसरे नाव प्रेषित (स.) यांनी एका स्त्रीचे बदलून जमीला ठेवले होते. मराठी जन्मदाखल्यावर दोन्ही नावे सारखीच.

त्यात आपला भंडारा म्हणजे झाडीबोलीचा मुलूख. इथे शेजारपाजारच्या तोंडी श चा स होतो. शकीला म्हणजे देखणी. तिला "सकीला" म्हटले, आणि कोणी ते बडा काफ लावून वाचले, तर अर्थ होतो जड, बोजड. मुलांतही तेच. शारिक म्हणजे उगवता, चमकणारा. सारिक म्हणजे चोर! शेजारीण बिचारी प्रेमानेच हाक मारते, तिचा काय दोष. म्हणून श टाळा असे नाही, पण नाव ठरवण्याआधी आपल्या वस्तीतल्या चार तोंडांनी ते म्हणून घ्यावे. दिवसभर हाक मारणार ती तीच माणसे.

एका घरातल्या नावांचा सारखेपणा कागदावर काय करतो, तेही सांगते. दोन बहिणी एकाच शाळेत, वडिलांचे नाव एक, आडनाव एक, मुलीच्या नावात एका अक्षराचा फरक. शिष्यवृत्तीचा अर्ज एकीचा, बँक पासबुकाची झेरॉक्स दुसरीची. यू-डायसवरचे नाव आधारशी जुळत नाही. एकीच्या दाखल्यावर दुसरीची जन्मतारीख. असे झाले की आईवडिलांची मजुरी बुडते आणि शिक्षकांचा दिवस जातो. जुळ्या मुली असतील तर जन्मतारीखही एक, तिथे तर हमखास गोंधळ. नावे अशी असावीत की घाईत लिहिणाऱ्याच्याही लक्षात फरक यावा.

ज्यांना जुळवायचेच आहे त्यांनी आवाजापेक्षा अर्थाने जुळवावे, असे मला वाटते, आणि यात मोठी मौज आहे. अरबी शब्द मुळाक्षरांच्या कुटुंबात राहतात. हमीदा, महमूदा, हम्दा या तिघी स्तुतीच्या घरच्या. राशिदा आणि रुश्दा सरळ वाटेच्या. फुलांचे घर हवे असेल तर यास्मिन, नर्गिस, नसरीन आहेत. आकाशात पाहायचे तर सुरय्या आणि परवीन. एक अरबी, दुसरे फारसी, कानाला अजिबात न जुळणारी. पण दोन्ही त्याच तारकापुंजाची नावे, जिला मराठीत कृत्तिका म्हणतात. जोहरा आणि नाहीद म्हणजे दोन्ही शुक्र. नज्म हा एक तारा, अंजुम म्हणजे पुष्कळ तारे. घरात नजमा असेल आणि मागून अंजुम आली, तर तिच्या येण्याने एका ताऱ्याचे अनेक तारे झाले.

पत्रातल्या घराची गोष्ट तर आणखी सोपी आहे. सादिया हे नाव बनू साद कबिल्याची आठवण देते. प्रेषितांना लहानपणी दूध पाजणाऱ्या हजरत हलीमा सादिया त्याच कबिल्याच्या. त्यांची मुलगी शैमा, प्रेषितांची दूधबहीण. सादियाच्या धाकट्या बहिणीला हलीमा किंवा शैमा म्हटले तर दोन नावांत एक पूर्ण किस्सा येतो, आणि तो मोठी बहीण धाकटीला झोपताना सांगू शकते. फुफींनी सुचवलेल्या यादीतले हादिया हेही चांगले नाव आहे, वाट दाखवणारी. ते ठेवायला हरकत काहीच नाही. फक्त ते अर्थासाठी निवडावे. "दिया"ने संपते एवढ्यासाठी नको.

आता ती शेवटची ओळ.

सातारा जिल्ह्यातली गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. मुलाची वाट पाहताना मुलीमागून मुलगी झाली की तिचे नाव ठेवायचे नकुशी. नको असलेली. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींना एका समारंभात नवी नावे दिली. कोणी सिनेतारकेचे नाव घेतले, कोणी देवीचे, आणि प्रत्येकीच्या हाती नव्या नावाचे प्रमाणपत्र आले. राजस्थान-हरियाणाकडे याच अर्थाची नावे आहेत: अंतिम, भतेरी, धापू. पुरे झाल्या, पोट भरले.

आपल्यात असे नाव कोणी ठेवत नाही, शुक्र अल्लाहचा. पण पहिलीच्या नावासाठी मौलाना साहेबांना विचारले, दुसरीसाठी पुस्तक चाळले आणि तिसरीसाठी पहिलीच्याच नावाचे एक अक्षर बदलले, असे माझ्या पाहण्यात आहे. पहिलीचा अकीका सातव्या दिवशी, दुसरीचा एकविसाव्या, तिसरीचा पुढच्या वेळी. कोणी वाईट हेतूने करत नाही. दवाखान्याचा खर्च झालेला असतो, धान विकले गेलेले नसते, बकऱ्याचे भाव तर विचारूच नका. तंगी असेल तर अकीका पुढे जाऊ शकतो. सातवा दिवस हुकला तर चौदावा, एकविसावा आहे, आणि त्यानंतरही जमेल तेव्हा करता येतो. पण तंगीसाठी थांबणे निराळे आणि भावाच्या येण्यासाठी थांबणे निराळे. मुलीचा अकीका एका बकऱ्याचा असतो, मुलाचा दोन. ज्या घरात पुढे दोन बकरे घेण्याचा बेत आहे, त्या घरात आज एक घेण्याची अडचण पैशाची आहे का, एवढे सासऱ्यांनी मनाशी पाहावे. मुलगी झाल्याची खबर ऐकून चेहरा काळवंडणाऱ्या बापाचे वर्णन सूरह नहलमध्ये आहे. ते कोणाच्या निंदेसाठी आले आहे, हे आपण सगळे जाणतो.

आणि मरियम? या नावाची हकीकत तर जणू याच पत्रासाठी असावी. इमरानच्या पत्नीने पोटातले बाळ अल्लाहच्या सेवेला वाहण्याचा नवस केला होता. झाली मुलगी. ज्या सेवेचा नवस होता ती मुलांकडेच असे, म्हणून त्यांनी आपल्या रबला सांगितले की मुलगी झाली आहे, आणि त्याच बोलण्यात सांगितले की मी तिचे नाव मरियम ठेवले आहे. तिच्यासाठी आणि तिच्या संततीसाठी पनाह मागितली. नाव ठेवले आईने. सूरह आले-इमरानमध्ये हे आहे. कुरआनमध्ये नावाने उल्लेख झालेली ती एकच स्त्री, आणि तिच्या नावाची एक पूर्ण सूरह आहे.

तेव्हा भगिनी, आईने मुलीसाठी नाव सुचवणे ही बेअदबी नाही. आदबीचा भाग बोलण्याच्या पद्धतीत आहे. सासूबाईंना आधी एकटीने भेटा, मरियमचा हा किस्सा त्यांच्यापाशी बसून वाचा; चार पाहुण्यांसमोर विषय काढू नका. फुफींच्या मेहनतीबद्दल त्यांचे आभार माना. आणि नवऱ्याशी स्पष्ट बोला. आईवडिलांत मतभेद झाला तर नाव ठेवण्याचा हक्क वडिलांचा, असे इमाम इब्ने कय्यिम यांनी लिहिले आहे. वडिलांचा, फुफीचा, मामाचा किंवा मोबाईलचा नव्हे. म्हणजे तुम्हाला साऱ्या घराला जिंकायचे नाही, एका माणसाला पटवायचे आहे. तो माणूस तिसऱ्या मुलीचा बाप आहे आणि तिचे नाव काय असावे असे त्याला अजून कोणी विचारले नसेल, असा माझा अंदाज.

कागदाचे थोडे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. तुमची दवाखान्यातून झालीच असेल. नाव ठरले नसेल तर नोंद नावाशिवाय होते, आणि १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरता येते. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत भरता येते, पण विलंब शुल्क आणि खेटे पडतात. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढे जवळपास सगळीकडे जन्मदाखलाच लागणार आहे, म्हणून "नंतर पाहू" म्हणू नका. ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत जाताना नाव मराठीत आणि इंग्रजीत एका चिठ्ठीवर ठळक लिहून न्या. मरियमची इंग्रजी अक्षरे चार तऱ्हांनी लिहिली जातात. जी एक ठरवाल तीच आधारवर, तीच शाळेत. दाखला हातात पडल्यावर तिथेच उभे राहून वाचा. घरी येऊन चूक दिसली की दुसरी फेरी.

एक गोष्ट फुफींनाही दाखवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव आपल्या राज्यात सरकारी कागदांवर या क्रमाने लिहायचे आहे: आधी मुलाचे किंवा मुलीचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. तेव्हा नाव मोठ्याने म्हणून पाहायचे असेल तर या क्रमाने म्हणा. मरियम, मागोमाग तुमचे नाव, मग तिच्या अब्बूंचे. मोठ्या बहिणींची नावे या ओळीत कुठेच येत नाहीत.